खाणावळवाल्या बाया

मुंबईच्या गिरणगावात पूर्वी पुष्कळ कामगार एकटेच राहत. बायकापोरं गावी. त्यांना खाणावळवाल्या बाया जेवू घालीत. पगार झाला की पैसे मिळत.

संप झाला की पगार बंद. पण भूक कुठं बंद होते? बाया उधारीवर जेवण देत. वाणी तरी किती दिवस थांबणार? मग सावकार. त्याचं व्याज जबर. दागिने गहाण पडत.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र केलं. अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं. मंडळाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय? बाया एकमेकींना जामीन राहिल्या! आम्हांला हेच मोठं वाटतं. कर्ज फुकट नव्हे हं. एकीचा हप्ता थकला, तर घोर साऱ्यांनाच. पण सावकाराचा उंबरठा सुटला, धान्य रोखीनं घेता आलं.