दाभोशापर्यंत येणारा पैसा

पावसाळ्यात लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा पाहायला गाड्यांची रांग लागते. उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर विहिरीच्या काठी हंड्यांची. या हंड्यांसाठीचा पैसा येतो तरी कुठून?

एक वाट दिल्लीहून येते. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी पंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, उरलेला 40 टक्के 'अबंधित'. पण अबंधित म्हणजे मोकाट नव्हे. पगारासाठी तो वापरता येत नाही. हा पैसा राज्याच्या तिजोरीतून खाली येतो, आणि वाटेत हिशेब अडला की पुढचा हप्ताही अडतो.

दुसरी वाट मुंबईची. जव्हार, मोखाडा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणून आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996चा पेसा कायदा इथे लागू. तो संसदेचा असला तरी त्याचे राज्याचे नियम यायला 2014 उजाडले! 2015 पासून महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायला सुरुवात केली. गटार, रस्ता की पाण्याची टाकी, हे ठरवायचं ग्रामसभेने. माझ्या मते दोन्ही वाटांतली ही जास्त मोलाची, कारण इथे प्रश्न आणि उत्तर एकाच पाड्यावर असतं.

मात्र ठराव मंजूर झाला तरी अंदाजपत्रकावर अभियंत्याची सही लागतेच, आणि टँकर तोवर थांबत नाही.