चिलिकाचा डॉल्फिन उड्या मारत नाही

थंडीची सुट्टी जवळ आली की भिलाईच्या सेक्टरांमधल्या मराठी घरांत पुरीचा बेत शिजू लागतो. दुर्ग-पुरी एक्स्प्रेसची तिकिटं, जगन्नाथाचं दर्शन, समुद्रस्नान, कोणार्क आणि एक अख्खा दिवस सातपाड्याहून चिलिका सरोवरात बोटीची फेरी. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, "डॉल्फिन दिसले का?" उत्तर बहुतेक वेळा नाराजीचं असतं. "दिसले म्हणजे काय, नुसती पाठ दिसली. उडी काही मारली नाही. पैसे पाण्यात गेले."

पैसे पाण्यात गेलेले नसतात. चिलिकाचा डॉल्फिन असाच दिसतो.

डॉल्फिन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लांब चोचीचा, हवेत झेपावणारा, सिनेमातला नाहीतर मत्स्यालयाच्या खेळातला डॉल्फिन. तारकर्ली, मालवण किंवा गोव्याला जाऊन आलेल्यांनी पाहिलेला असतो तो कुबड असलेला डॉल्फिन. त्याची चोच लांब असते आणि तो अधूनमधून पाण्याबाहेर चांगली उसळीही घेतो. चिलिकातला इरावडी डॉल्फिन निराळा आहे. त्याला चोच नाही. डोकं गोल गरगरीत, मान थोडी वळू शकणारी, पाठीवरचा पर लहान आणि बोथट. तो वर येतो तेव्हा आधी 'फुस्स' असा श्वासाचा आवाज येतो, मग करड्या, ओल्या डोक्याचा घुमट दिसतो, पाठीची कमान सरकते, इवलासा पर दिसतो आणि संपलं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. क्वचित तो बुटकी उडी मारतो, पण तिच्यावर भरवसा ठेवून जाऊ नये. म्हणून कॅमेऱ्यात डोळा घालून बसण्यापेक्षा कान उघडे ठेवले तर तो अधिक वेळा सापडतो.

इरावडी ही म्यानमारमधली नदी, म्हणून नावावरून अनेकांना वाटतं की हा प्राणी म्यानमारहून आलेला पाहुणा आहे. वास्तविक विज्ञानाला त्याची ओळख भारतातच झाली. 1852 साली विशाखापट्टणमच्या बंदरात मिळालेल्या नमुन्यावरून रिचर्ड ओवेन यांनी 1866 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. इरावडी डॉल्फिन हाच आपला राष्ट्रीय जलचर, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. तेही चूक आहे. तो मान गंगेच्या डॉल्फिनचा आहे. तो लांब चोचीचा, जवळजवळ आंधळा आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड्या पाण्यातला. चिलिकात तो नाही.

सगळ्यांत घातक गैरसमज मात्र बोटीत बसल्यावर सुरू होतो. "भैया, और पास लेके चलो ना!" जितकं जवळ तितकं चांगलं दिसेल, ही समजूत. काही जातींचे डॉल्फिन बोटीच्या नाळेपुढे खेळत धावतात हे खरं. इरावडी डॉल्फिनला ती सवय नाही. इंजिन अंगावर आलं की तो बुडी मारतो, दूर निघतो आणि पाण्याखाली जास्त वेळ राहतो. म्हणजे पाठलाग केल्याने दर्शन कमीच होतं.

त्याच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट अधिक गंभीर आहे. चिलिकाचं पाणी गढूळ. डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. हा प्राणी कपाळाच्या भागातून बारीक ध्वनी सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा, जाळं, पिल्लू ओळखतो. चार-पाच बोटींनी गराडा घातला की त्या गोंगाटात त्याला आपली वाट चाचपडावी लागते, आणि इंजिनाच्या फिरत्या पंख्याची जखम जिवावर बेतते. गेल्या काही वर्षांच्या गणनांमध्ये अख्ख्या सरोवरात सुमारे दीडशे डॉल्फिन आढळले आहेत. मादी साधारण चौदा महिने गर्भ वाढवते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. एक मादी गेली तर ती उणीव भरायला किती काळ लागेल याचा हिशोब कुणालाही करता येईल. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. वाघामागे जीप पळवायला आपण धजत नाही. इथे मात्र बोटवाल्याला वरून बक्षिशीचं आमिष दाखवतो. बोटवाला गिऱ्हाइकाच्या मर्जीने चालतो. गिऱ्हाइकाने "इंजन बंद करके रुकते हैं" म्हटलं तर तो थांबतो, आणि त्याच्या डिझेलचीही बचत होते.

फेरीच्या शेवटी बोटी सरोवर समुद्राला मिळतं त्या मुखाजवळच्या वाळूला लागतात. तिथे बादलीत शिंपले घेऊन माणसं उभी असतात. तुमच्यासमोर शिंपला फोडून आतून चमकता मोती काढून दाखवतात; कधी लाल खडाही निघतो आणि त्याला माणिक म्हटलं जातं. काळ्या हातांवरचा तो पांढरा दाणा पाहून भले भले हरखतात. मोती म्हणजे शिंपल्यातल्या जीवाने एखाद्या कणाभोवती थरावर थर चढवलेलं कॅल्शियम कार्बोनेट. तो बनायला मोठा काळ लागतो, आणि निसर्गात मोतीवाला शिंपला विरळाच; ओळीने प्रत्येक शिंपल्यातून तो निघत नाही. माणिक तर खनिज आहे, जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाबाखाली घडणारं. कुठलाही शिंपला ते घडवू शकत नाही. तो खडा आत ठेवलेला असतो. असल्या ठिकाणी पाकीट खिशातच राहू द्यावं.



चिलिका म्हणजे ओडिशावाल्यांचा प्रश्न, ही भिलाईतली समजूतही तपासायला हवी. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते. महानदी हिराकूड धरणातून कटकपर्यंत जाते, तिथे तिला फाटे फुटतात आणि दया, भार्गवी या शाखा चिलिकात उतरतात. सरोवर गोडं नाही आणि निव्वळ खारंही नाही. एका बाजूने नद्यांचं पाणी, दुसऱ्या बाजूने समुद्राचं, अशा मिश्रणावर ते जगतं. नद्यांसोबत गाळही येतो. 1990 च्या दशकात गाळाने समुद्रमुख इतकं आक्रसलं की खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी ओसरली. 1981 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेलं हे सरोवर 1993 मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदीत टाकावं लागलं. सप्टेंबर 2000 मध्ये चिलिका विकास प्राधिकरणाने नवं मुख खोदलं, मासळी काही पटींनी वाढली आणि 2002 मध्ये सरोवर त्या नोंदीतून बाहेर आलं. शिवनाथेत आपण काय सोडतो याचा चिलिकाशी संबंध आहे तो असा.

पाणी उथळ आहे, मग लाइफ जॅकेट कशाला, असंही ऐकू येतं. पाणी बऱ्याच ठिकाणी डोक्याइतकंही नसतं हे खरं, पण खाली चिखल असतो आणि मोकळ्या विस्तारावर वारा सुटला की लाटा उठतात. जॅकेट घालावंच.

राहिले पक्षी. डॉल्फिन वर्षभर इथलेच. पाहुणे पक्षी साधारण ऑक्टोबर ते मार्च. ते सगळे सायबेरियाचे नसतात. पट्टकादंब हंस लडाख, तिबेट, मंगोलियातून हिमालय ओलांडून येतात. या पक्ष्यांसाठी सातपाडा ही जागा नव्हे. त्यांच्यासाठी सरोवराच्या उत्तर काठावर, खुर्दा जिल्ह्यातलं मंगलाजोडी गाठावं. तिथे इंजिन नाही, बांबूने ढकलत नेलेली नाव आहे, आणि एके काळी पक्षी मारून विकणाऱ्या गावातलीच माणसं आता दुर्बीण हातात घेऊन ते दाखवतात. डॉल्फिन आणि पक्षी एकाच दिवसात उरकायचा हट्ट धरला की दोन्हीकडे घाई होते. मंगलाजोडीला भल्या पहाटे पोचायचं असल्याने आदल्या रात्रीचा मुक्काम पुरीऐवजी त्या बाजूला केलेला बरा.