मुडदुशी : वाळूत दडणारी चांदी

कोकण-गोव्याच्या रेतीच्या किनाऱ्यावर लाट फुटते, तिथल्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी मुडदुशी राहते. शास्त्रीय नाव सिलागो सिहामा. निमुळते, चंदेरी अंग आणि पुढे काढता येणारे लहान तोंड. त्या तोंडाने ती वाळूतले किडे नि बारीक कोळंबी टिपते. तिची खरी करामत संकटात दिसते. जाळे ओढले जात असताना ती क्षणात वाळूत शिरते आणि जाळे वरून निघून जाते!

तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १७७५ साली छापले गेले, निसर्गअभ्यासक पेहर फोर्स्कोल यांनी तांबड्या समुद्राच्या मोहिमेत केलेल्या नोंदींवरून. १७६३ मध्ये त्या मोहिमेतच, येमेनात, ते वारले होते. मोहिमेतले सहकारी कार्स्टन नीबुर यांनी त्या नोंदी मागाहून प्रसिद्ध केल्या.

मांस पांढरे, नाजूक, सौम्य चवीचे. रव्यात घोळवून तळलेल्या मुडदुशीपुढे महागडी मासळीही फिकी वाटते. मात्र बाजारात बोटाएवढी पिल्ले दिसली तर घेऊ नका, त्यांची अजून एकदाही वीण झालेली नसते.