फुटबॉलचा क्लब आणि जमाखर्चाची वही

छावणी मागे टाकून दौलताबादच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. तेथल्या मोकळ्या माळावर संध्याकाळी मुले फुटबॉल खेळतात. त्यांतली चारपाच मोठी मुले एकदा माझ्याकडे आली. आपल्या क्लबाचे त्यांना मोठे कौतुक. क्लब म्हणजे काय, तर पंचवीस पोरे, तीन चेंडू आणि शाळेच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली एक वही. त्यांना गावातल्या एका दुकानदाराने वीस हजार रुपये देणगी दिली होती. मुलांचा बेत ठरलेला होता : शहरातून दोन पट्टीचे खेळाडू आणायचे, त्यांना सामन्याचे पैसे द्यायचे आणि यंदा ढाल घरी आणायचीच.

"सर, एकदा जिंकलो की पैसा आपोआप येईल," त्यांतला एकजण म्हणाला.

श्रोतेहो, हे वाक्य फार मोलाचे आहे. मोलाचे अशासाठी, की जगातले मोठमोठे क्लब या एका वाक्याने बुडाले आहेत. आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

इंग्लंडात लीड्स नावाचे शहर आहे. तेथला लीड्स युनायटेड हा जुना, नामांकित क्लब. 2001 साली तो युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. चालकांना वाटले, आता दरवर्षी आपण या स्पर्धेत असणारच. तेथून पैसा येणारच. त्या भरवशावर त्यांनी सहा कोटी पौंडांचे कर्ज काढले. ते फेडायचे कशातून? तर पुढल्या पंचवीस वर्षांच्या तिकिटविक्रीतून! खेळाडूंचे पगारही त्याच हिशेबाने वाढवले. पण पुढच्या हंगामात संघाला त्या स्पर्धेत जागाच मिळाली नाही. पैसा आला नाही. पगार आणि व्याज मात्र थांबेनात. मग एकेक चांगला खेळाडू विकावा लागला. 2004 साली संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला आणि त्याच वर्षी राहते घर विकावे तसे स्वतःचे मैदानही विकावे लागले. वरच्या श्रेणीत परत यायला 2020 साल उजाडले. एका चुकीची किंमत सोळा वर्षे!

यातली एक गंमत ऐकण्यासारखी आहे. क्लब बुडाल्यावर हिशेब उघडले, तेव्हा निघाले की अध्यक्षांच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत सोनेरी मासे भाड्याने ठेवलेले होते आणि त्यांचे भाडे वर्षाला सुमारे 240 पौंड होते. साऱ्या इंग्लंडात त्या माशांचीच चर्चा झाली. पण विचार करा, 240 पौंडांनी क्लब बुडतो काय? क्लब बुडवला तो सहा कोटींच्या कर्जाने. आपल्याकडेही असेच होते. वार्षिक सभेत चहा-बिस्किटांच्या खर्चावर तासभर वाद चालतो, आणि मोठ्या रकमेचा ठराव दोन मिनिटांत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. खर्चावर नजर ठेवायची तर आधी मोठ्या रकमेवर ठेवावी. मासे नंतर पाहता येतात.

कोणी म्हणेल, ही साहेबाच्या देशातली गोष्ट. आपल्याकडे कर्ज देतो कोण? खरे आहे. आपल्याकडचे दुखणे थोडे निराळे आहे. आपल्याकडे क्लब एकाच दात्याच्या आधारावर उभा राहतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा क्लब 1962 पासूनचा. 2005-06 साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. पण चालवणाऱ्या कंपनीने आपले धोरण बदलले आणि 2010 साली हा संघ बंद झाला. पंजाबात फगवाड्याच्या गिरणीचा जेसीटी हा संघ. 1996-97 ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग त्याचीच. तोही 2011 साली बंद पडला. दोन्ही संघ हरले म्हणून गेले नाहीत. ढाली कपाटात तशाच होत्या. हात आखडला तो देणाऱ्याचा.

पुण्याची हकीकत तर अधिकच चटका लावणारी आहे. 2007 साली तेथे पुणे एफसी हा क्लब निघाला. बालेवाडीच्या मैदानावर त्याचे सामने होत. 2012-13 च्या आय-लीगमध्ये तो देशात दुसरा आला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याने मुलांसाठी प्रबोधिनी काढली आणि तिच्यातल्या कुमारांनी देशपातळीवरची अजिंक्यपदे मिळवली. पण 2015 च्या हंगामानंतर मालकांनी मोठा संघ गुंडाळला. प्रबोधिनी 2014 साली निघालेल्या एफसी पुणे सिटी या दुसऱ्या क्लबाकडे गेली. मुलांना वाटले, चला, छप्पर मिळाले. पण 2019 साली पैशाच्या अडचणीपायी हाही क्लब बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. एकाच गावातली मुले चार वर्षांत दोनदा पोरकी झाली! सोळासतरा वर्षांच्या पोराचे एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको.

देशाच्या मोठ्या लीगचेही तेच. 2010 साली फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना एकाच ठिकाणी देऊन टाकले. 2025 साली ती मुदत संपत आली, पुढचे काही ठरेना, आणि जुलै महिन्यात नवा हंगामच स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. एकाच खांबावर मांडव घातला, की खांब हलताच मांडव खाली येतो.

मग क्लब टिकतो तरी कसा? याचे उत्तर शोधायला कोल्हापूरला जावे. तेथली पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावेच पाहा. कुस्तीच्या तालमी, पेठेपेठेतल्या. त्यांच्याच अंगणात फुटबॉलचे संघ वाढले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था 1940 सालची. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिकीट काढून बसते. पेठेतला दुकानदार, रिक्षावाला, हमाल, शिक्षक सगळेच हातभार लावतात. एकाने हात काढून घेतला तरी बाकीचे हात असतातच. म्हणून या तालमींचे संघ पिढ्यान् पिढ्या चालत आले. अर्थात तेथेही अलीकडे परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ लागली आणि खर्च वाढला. जाणती माणसे त्याबद्दल कुरकुरतात, ती उगीच नव्हे.

आता आपल्या पडेगावच्या मुलांच्या वहीकडे वळू. शाळेतल्या गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडावे, मुलांना ते आवडेल. पंचवीस मुले, दरमहा पन्नास रुपये वर्गणी. वर्षाचे झाले 15,000 रुपये. खर्च असा धरू : चार चेंडू 4,000, दोन स्पर्धांचे प्रवेशशुल्क 3,000, टेम्पोचे भाडे 3,000, चुना आणि जाळीची दुरुस्ती 1,500, औषधपट्टी 1,000. एकूण 12,500. शिल्लक राहिले 2,500. गरिबीतला, पण नेटका संसार.

आता मुलांचा बेत त्यात घाला. बाहेरचे दोन खेळाडू, वर्षाला तीन सामने, प्रत्येकाला दर सामन्याला 3,000 रुपये. म्हणजे 18,000 झाले. यंदा देणगी आहे, निभेल. पण पुढल्या वर्षी? त्या खेळाडूंची सवय लागलेली, आणि देणगी संपलेली. खर्च 12,500 अधिक 18,000, म्हणजे 30,500. वर्गणी दुप्पट केली तरी 30,000 च होतात. पाचशे कमीच पडतात. आणि वर्गणी दुप्पट झाली की पंचवीसांपैकी दहा गरीब मुले मैदानावर यायची थांबतील. म्हणजे ज्यांच्यासाठी क्लब काढला, तीच बाहेर!

यातून पहिला नियम निघतो : दरवर्षीचा खर्च दरवर्षीच्या खात्रीच्या पैशातूनच करावा. एकदाच आलेला पैसा, मग ती देणगी असो की बक्षीस, टिकाऊ वस्तूत घालावा किंवा शिलकीत ठेवावा. त्याच वीस हजारांतले समजा 12,000 लोखंडी गोलपोस्टना लावले आणि ते दहा वर्षे टिकले, तर वर्षाला 1,200 रुपयेच पडले. उरलेले 8,000 बँकेत गेले. त्यात यंदाचे 2,500 आणि पुढल्या वर्षाचे 2,500 मिळवले की 13,000 होतात. म्हणजे दोन वर्षांत पूर्ण एका वर्षाचा खर्च गाठीला बांधलेला! मग पावसाने दगा दिला, वर्गणी थकली, तरी क्लब उपाशी मरत नाही.

दुसरा नियम : काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. औषधपट्टी वाचवून चेंडू घेणे ही काटकसर नाही. खर्च करावा, पण तो पारख करण्यावर आणि शिकवण्यावर. इंग्लंडातल्या ब्रेंटफर्ड या छोट्या क्लबाने 2017 साली ऑली वॉटकिन्स हा खालच्या श्रेणीतला तरुण सुमारे 18 लाख पौंडांना घेतला. त्याला घडवले आणि 2020 साली सुमारे 2 कोटी 80 लाखांना दुसऱ्या क्लबाला दिले. मोठ्यांशी पैशात बरोबरी होणार नाही हे ओळखून त्यांनी डोळे उघडे ठेवले. 2021 साली हा क्लब 74 वर्षांनी वरच्या श्रेणीत परतला. आपल्याच देशात मिझोरमचा आयझॉल एफसी पाहा. मोठ्या संघांच्या मानाने खिसा अगदी हलका. गावची पोरे, आणि त्यांच्या जोडीला मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे खेळाडू. प्रशिक्षक खालिद जमील हेही मुंबई एफसीहूनच आलेले. त्या संघाने 2016-17 ची आय-लीग जिंकली. ईशान्येकडचा हा पहिलाच विजेता.

तिसरा नियम : मोठे निर्णय हंगामापूर्वी, थंड डोक्याने आणि लेखी करावेत. सामना हरल्यावर रात्री कट्ट्यावर बसून खेळाडू आणायचे ठरवू नये. जर्मनीत हंगाम सुरू होण्याआधीच क्लबाला दाखवावे लागते की अखेरपर्यंतचे पैसे आपल्यापाशी आहेत. त्याशिवाय खेळण्याचा परवाना मिळत नाही. आपल्या गावात असा परवाना मागणारा कोणी नाही. तेव्हा आपला आपणच मागावा.

चौथा नियम वहीचा. संस्थेची नोंदणी करावी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे पुरतात. बँकेत खाते क्लबाच्या नावाने असावे, कोणा एकाच्या नावाने नव्हे, आणि पैसे काढायला दोन सह्या लागाव्यात. दर तीन महिन्यांनी ठरल्या दिवशी मैदानावरच जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याने पन्नास रुपये दिले त्यालाही प्रश्न विचारता आला पाहिजे. हिशेब कळला की माणूस पुन्हा देतो. हिशेब झाकला की जवळचाही दूर जातो.

हे सारे मी त्या मुलांना त्या दिवशी सांगितले. ती हिरमुसली, हे कबूल केले पाहिजे. "सर, मग आम्ही जिंकायचंच नाही का?" असे त्यांतल्या धाकट्याने विचारले. मी म्हटले, "जिंका की! पण यंदा जिंकून पुढल्या वर्षी मैदान ओस पडलं, तर ढाल ठेवायची कुठं?" मुले दोन दिवस भांडली. शेवटी हात वर करून मते घेतली आणि गोलपोस्ट घ्यायचे ठरले.

त्या वर्षी ती मुले पहिल्याच फेरीत हरली. चांगली चार गोलांनी हरली. पण आज संध्याकाळी त्या माळावरून गेलात तर त्या गोलपोस्टांपुढे पाचवी-सहावीची पोरे चेंडूमागे धावताना दिसतील. त्यांच्यातला कोणी पुढे मोठा खेळाडू होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्यांना खेळायला उद्या मैदान असेल आणि चेंडूही असेल, एवढे मात्र त्या वहीकडे पाहून खात्रीने सांगता येते.