रुग्णनोंदींची सूची आणि गुप्तता

भावप्रकाश निघंटूत द्रव्यांची मांडणी वर्गवार आहे. 'अमृता' हा शब्द शोधावयाचा असल्यास मात्र आपण ग्रंथाच्या शेवटी जोडलेली शब्दसूची पाहतो. ती आपणांस गुडूची व हरीतकी या दोहोंच्या पृष्ठांवर नेते. रुग्णांची नावे, गावे व दूरध्वनी क्रमांक संगणकावर सांभाळणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरमध्येही हेच तत्त्व आहे. २००९ पासून '३८९ डिरेक्टरी सर्व्हर' या नावाने ओळखले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ.

यात प्रत्येक रकान्याची सूची स्वतंत्रपणे ठरवावी लागते. संपूर्ण मूल्य जुळविणारी समानतासूची, शब्दाच्या तुकड्यावरून शोधणारी अंशसूची आणि रकाना भरलेला आहे एवढेच सांगणारी अस्तित्वसूची, हे तिचे प्रमुख प्रकार होत. अंशसूची सोयीची खरी. परंतु ती जागा अधिक व्यापते आणि प्रत्येक नव्या नोंदीचे काम वाढविते. आपल्या कोल्हापुरात केवळ 'पाटील' शोधून फारसा लाभ नाही. दूरध्वनी क्रमांकाची समानतासूची अधिक उपयुक्त. नवी सूची ठरविल्यावर ती जुन्या नोंदींसाठीही बांधून घ्यावी, अन्यथा तिचा उपयोग होत नाही.

रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, अशी आज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यास दिलेली आहे. संगणकाची डिस्क चोरीस गेली तरी ही आज्ञा पाळली जावी, म्हणून निवडक रकाने कूटबद्ध करता येतात. अशा रकान्याची सूचीही कूटबद्ध होते. एरवी सूचीतूनच गुपित फुटले असते. तथापि पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. ही सोय सुरू केल्याने जुन्या नोंदी आपोआप कूटबद्ध होत नाहीत. सर्व माहिती एकदा बाहेर काढून पुन्हा भरावी लागते. बाहेर काढलेली उघडी प्रत, काम तपासून झाल्यावर, नष्ट करावी.

२. नोंदीच्या ओळखनामात आलेले मूल्य उघडेच राहते. तेथे दूरध्वनी क्रमांक वापरू नये.

३. हे संरक्षण डिस्कवरील माहितीपुरतेच आहे. कोणी काय पाहावे याचे अधिकार आणि जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीची सुरक्षितता यांची व्यवस्था वेगळी करावी.

४. कूटबद्धतेची किल्ली सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या आधारे जपलेली असते. प्रमाणपत्र बदलण्यापूर्वी माहिती उलगडून बाहेर काढावी. जुनी खासगी किल्ली हरवल्यास ते रकाने स्वतः वैद्यासही वाचता येणार नाहीत.

औषधालयांच्या ग्राहकयादीसही हेच नियम लागू आहेत. तंत्रज्ञाकडे काम सोपविताना वैद्यांनी व औषधालयचालकांनी या चारही मुद्द्यांची खात्री करून घ्यावी. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले जपण्याची जबाबदारी अखेर आपलीच आहे.