रेशनच्या धान्याला डाळीची जोड द्या

भोंगवलीत पाच माणसांच्या घराला प्राधान्य कार्डावर महिन्याला 25 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही मोफत. पोट भरतं, पण नुसत्या भात-चपातीनं अंगात ताकद येत नाही. वाचलेल्या पैशातून आधी डाळ, हुलगे, मटकी घ्या. लेकरांना बिस्किटाच्या पुड्याऐवजी मूठभर शेंगदाणे द्या. आठवड्यातून दोनदा अंडी किंवा सुकट करा. शेवग्याच्या पाल्याची भाजी करून वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

आणि बायांनो, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाऊ नका. रक्त कमी आपल्यातच जास्त असतं. गरोदर सून, वयात आलेली लेक यांच्या ताटात डाळ आधी वाढा.