साप गप्प असतो, त्याची कात बोलते!

पाळीव सापाच्या त्वचेचे विकार आणि त्याचं रक्त पिणारे माइट, हे दोन्ही वेळीच ओळखले तर आटोक्यात येतात. उशीर झाला, तर जनावर जिवानिशी जातं.

साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला, की त्याला उकडत असावं असं घरच्यांना वाटतं. कधी कधी ते खरंही असतं. पण भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसले आणि त्यातला एक पांढऱ्या कागदावर चिरडल्यावर तांबडा डाग उमटला, तर साप हौसेनं डुंबत नाहीये हे समजावं. त्याच्या अंगावर माइट झालेत. सतत होणाऱ्या त्रासातून थोडी सुटका मिळावी म्हणून त्यानं पाण्याचा आसरा घेतलाय.

माइट हे किडे नव्हेत. ते आठ पायांचे, कोळी आणि गोचिडीच्या गोतावळ्यातले. पिकावर पडणारा लाल कोळी किंवा गुरांच्या अंगावरची गोचीड पाहिलेल्या माणसाला हे नातं चटकन कळेल. सापावरच्या या माइटचं शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. पोट रिकामं असताना तो पिवळसर दिसतो, रक्त प्यायला की काळपट लाल होतो.

अमेरिका-युरोपात साप पाळणं ही जुनी हौस आहे. आपल्या महानगरांतूनही आता बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक ही नावं ऐकू येतात. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की चेंडूसारखं गाठोडं करून बसतो, म्हणून हे नाव. व्यापारात अनेक साप जवळजवळ ठेवले जातात आणि एकाच्या अंगावरचे माइट सगळ्यांच्या वाट्याला येतात. नवा साप घरात येतो तो बरेचदा हे बिऱ्हाड पाठीवर घेऊनच.

कात हेच प्रगतिपुस्तक

सापाची त्वचा ठीक आहे की नाही, हे त्याची टाकलेली कात सांगते. निरोगी सापाची कात नाकाच्या टोकापासून सुटत जाते आणि उलटा काढलेला पायमोजा दिसावा तशी अखंड निघते. कात टाकण्याआधी अंगाचा रंग मळकट होतो आणि डोळ्यांवर निळसर दुधी झाक येते. जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साठल्यामुळे असं होतं. मोतीबिंदू झाला म्हणून घाबरू नये. काही दिवसांत डोळे निवळतात आणि त्यानंतर कात पडते. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो चिडचिडा होतो, बरेचदा खाणंही सोडतो. त्याला हातात घेऊ नये.

कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर बहुतेक वेळा हवा कोरडी आहे असा अर्थ. माइटमुळेही कात अडकते. सापाला पापण्या नसतात, त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. तोही कातीबरोबर निघायला हवा, म्हणून कात हाती आली की डोळ्यांच्या जागी दोन गोल भिंगं आहेत का ते आधी पाहावं. शेपटीच्या टोकाशी अडकलेलं कातीचं वळं आवळत गेलं तर रक्तपुरवठा तुटतो आणि ते टोक वाळून झडू शकतं.

उपाय घरगुती आहे. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला साप आत शिरेल एवढं भोक पाडावं आणि आत ओलसर शेवाळ किंवा पिळलेलं फडकं ठेवावं. साप आपणहून आत जाऊन बसतो. कात ओढून सोलू नये. डोळ्यावरचा खवला चिमट्यानं किंवा चिकटपट्टीनं काढायला जाऊ नये, डोळा कायमचा जाईल. बॉल पायथनला साधारण 55 ते 70 टक्के आर्द्रता लागते, कॉर्न स्नेकला त्याहून कमी. नागपूर-दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि वातानुकूलित खोलीत ती सहज खाली येते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दुखणं उलट्या बाजूनं येतं. ओल्या, घाण झालेल्या अंथरुणावर साप पडून राहिला, की पोटाचे खवले लालसर होतात, फोड येतात आणि मग जखमा चिघळतात. पेटीतली हवा दमट असावी, अंथरूण मात्र ओलं नको. दुसरा धोका भाजण्याचा. गरम दगडावर किंवा उष्णता देणाऱ्या पट्टीवर कातडी भाजेपर्यंत साप बसून राहतो, वेळेवर बाजूला होत नाही. थर्मोस्टॅटशिवाय असं साधन वापरूच नये.

माइट जातात कुठे?

‘सापाला आंघोळ घातली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा माइट झाले,’ या तक्रारीचं उत्तर माइटच्या जीवनक्रमात आहे. अमेरिकन संशोधक जोसेफ कॅमिन यांनी 1953 साली तो तपशीलवार मांडला. मादी अंडी सापाच्या अंगावर नाही, तर पेटीतल्या अंधाऱ्या, दमट फटींत घालते. आयुष्यात साधारण 60 ते 80 अंडी. 25 ते 30 अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत दोन ते तीन आठवडे पुरतात. प्रौढ माइट सुमारे 40 दिवस जगू शकतो. म्हणजे आंघोळीनं अंगावरचे धुतले जातात, पुढची पिढी मात्र फटींत वाढतच असते. म्हणून उपचार किमान सहा आठवडे नेटानं चालवावे लागतात.

नुकसान नुसत्या खाजेपुरतं नसतं. लहान सापाला रक्तक्षय होऊन तो दगावू शकतो. रक्तात विष भिनवणारे जंतू माइट एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात, हे कॅमिन यांनी 1948 सालीच दाखवलं होतं.

काय करावं, काय टाळावं

तपासायला पांढरं ओलं फडकं पुरे. ते सापाच्या अंगावरून हलकेच फिरवावं. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच आणि गुदद्वाराजवळचे खवले या माइटच्या आवडत्या जागा. अंगावर पांढरट भुकटी दिसली तर ती माइटची विष्ठा असते.

नवा साप दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, साध्या कागदावर ठेवावा. कागदावर काळे ठिपके लगेच दिसतात. त्याची कामं सगळ्यात शेवटी करावीत आणि नंतर हात धुवावेत. माइट झालेच तर अंथरूण आणि लाकडी फांद्या टाकून द्याव्यात. पेटी कोपऱ्यांसकट कढत पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवावी.

औषध मात्र पशुवैद्यानं ठरवावं. फिप्रोनिल, परमेथ्रिन अशी औषधं सापांवर वापरली जातात, पण मात्रा चुकली तर माइटबरोबर सापही मरतो. कुत्र्याची गोचीड-पावडर, झुरळांचा फवारा, रॉकेल यांतलं काहीही सापाला लावू नये. आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणं ठरतं, म्हणून घरात कासव असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. माइट खाणारे दुसरे माइट पेटीत सोडण्याचा उपायही परदेशात रूढ आहे. ते सापाला त्रास देत नाहीत.

माणसालाही हे माइट चावतात. खाजरे लाल पुरळ उठतात, पण माइट माणसावर वस्ती करत नाहीत. खरी काळजी साल्मोनेला जंतूंची घ्यावी. ते निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना सापापासून दूरच ठेवावं.

कायदा काय म्हणतो?

नाग, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप घरात पाळता येत नाहीत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. मांडूळ धनलाभ करून देतं ही निव्वळ भोंदूगिरी, आणि तिच्यापायी किती मांडुळं पकडली जातात! परदेशी सापांसाठी नियम वेगळे. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या 2024च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. बॉल पायथन या यादीत आहे. मालकी, पिल्लं, हस्तांतर, मृत्यू, सगळं कळवायचं असतं. कागदपत्रं नसलेला मालक डॉक्टरकडे जायला कचरतो आणि भोगतो तो साप.

कंटाळा आला म्हणून परदेशी साप रानात सोडणं तर त्याहून वाईट. त्याच्याबरोबर त्याचे माइट आणि बुरशीचे रोगही रानातल्या सापांपर्यंत पोचू शकतात. अमेरिकेत अशाच एका बुरशीनं रानातले खुळखुळे साप आजारी पडून मेल्याच्या नोंदी 2006पासून आहेत. साप पकडून सोडणाऱ्या सर्पमित्रांनीही एका सापाची पिशवी न धुता दुसऱ्यासाठी वापरू नये.

आपल्याकडे बहुतेक पशुवैद्यांचा सराव गुरं आणि कुत्र्यांवरचा. तेव्हा साप घ्यायच्या आधी, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आपल्या गावात आहे का, एवढी चौकशी करावी. नसेल, तर साप न घेणं हीच त्याच्यावरची माया. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडतं. साप यातलं काही करत नाही. त्याचं दुखणं आपणच रोज बघून ओळखायचं असतं.